पंच्याहत्तर किलो, किटसकट

माणसाची खरी ओळख चढावर होत नाही, उतारावर होते. चढावर सगळेच घाम गाळतात. पण उतारावर ज्याचा हात ब्रेककडे जात नाही, तोच खरा वीर. प्रफुल्ल रामटेकेचं हे जीवनविषयक तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यानं अनेकांना, अनेकदा, कोणी विचारलं नसताना सांगितलं होतं. अडचण एवढीच होती, की प्रफुल्ल राहायचा रायपूरला, आणि रायपूर हे शहर निसर्गानं लाटण्यानं लाटून ठेवलेलं आहे. शहरातला सगळ्यात भीषण उतार म्हणजे उड्डाणपुलाचा. त्यावर प्रफुल्लचा हात ब्रेककडे जायचा, कारण खाली ई-रिक्षा आडव्या लागलेल्या असत.

तरीही प्रफुल्ल डाउनहिलचा माणूस होता. डाउनहिल म्हणजे डोंगराच्या माथ्यावरून दगडधोंड्यांतून सायकल खाली आणायची, आणि जमल्यास आपणही तिच्यासोबतच यायचं. डोंगर नसला तरी शहराबाहेर, उरल्याच्या कारखान्यांपलीकडे मुरमाची एक बंद पडलेली खदान होती. तिचा ढिगारा बऱ्यापैकी उंच होता. रविवारी सकाळी बूढापारा या आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गल्लीतून प्रफुल्ल दोन सायकली गाडीवर लादून तिकडे निघे, तेव्हा शेजारी विचारत, "कोणाचं सामान शिफ्ट करून राहिले भाऊ?"

दोन सायकली अशासाठी, की एक बायकोची होती. ती त्यानंच लग्नाच्या वाढदिवसाला भेट दिली होती. अगदी आपल्यासारखीच, त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, फक्त एक नंबर लहान. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. खरं कारण असं, की प्रफुल्ल उतरताना खाली उभं राहून व्हिडिओ काढायला कोणीतरी लागायचं आणि नुसतं उभं राहायला अपर्णा तयार नव्हती. ती शाळेत गणित शिकवायची. सुटीच्या दिवशी आणखी उभं राहणं तिला मंजूर नव्हतं. सायकल मिळाल्यावर काही रविवार तिनं मुकाट्यानं व्हिडिओ काढले. मग एकदा मोबाइल त्याच्या हातात देऊन म्हणाली, "धरा जरा. मी जाऊन येते." आणि गेली. त्या दिवसापासून प्रफुल्लच्या मोबाइलमध्ये बायकोचेच व्हिडिओ जमत गेले.

प्रफुल्लला बायकोचा हेवा वाटत नव्हता. हे तो रोज सकाळी दाढी करताना स्वतःला सांगत असे. तिच्या वळणांचा नाही, ती दगडांवरून जाताना सायकल आवाज करत नाही याचाही नाही. खदानीचा चौकीदार, जो प्रफुल्लला पाहून विडी विझवतसुद्धा नसे, तो तिला पाहून उठून उभा राही आणि छत्तीसगढीत म्हणे, "बाई बने चलाथे साहब," म्हणजे बाई झकास चालवतात. प्रफुल्ल म्हणे, "मीच शिकवलं." चौकीदार त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाही आणि विडी ओढे. त्याचाही हेवा नाही. फक्त रायपूरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर हल्ली त्याला 'अपर्णा दीदी के हसबैंड' म्हणत, ते मात्र त्याला व्याकरणाच्या दृष्टीनं लांबलचक वाटे.

अशात दिवाळीनंतरची, चिल्फीच्या घाटातली डाउनहिलची स्पर्धा जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात प्रफुल्लच्या सायकलीचा मागचा शॉकर, म्हणजे धक्के झेलणारा दांडा, तेल गाळू लागला.

रामटेक्यांच्या घरात एक रिवाज होता. नवी वस्तू आली की आधी प्रफुल्लकडे येई आणि जुनी झाली की अपर्णाकडे जाई. मोबाइल तसाच गेला, स्कूटर तशीच गेली, एकदा तर उशीही गेली. त्यामुळे नवा शॉकर कोणाच्या सायकलीला लागणार, हा प्रश्न घरात कोणी काढलाच नाही. प्रफुल्लच्या आईनं, कांताबाईंनी, तेवढं विचारलं, "सूनबाई जोरात जाते म्हणते सगळा पारा. मंग नवीन तिले काहून नाही लावत?"

"आई, तेल माझ्या सायकलीचं गळून राहिलं," प्रफुल्ल म्हणाला.

"हव. तेल तुयंच गळते," कांताबाई म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या.

शॉकर निवडायला नवराबायको ब्राह्मणपाऱ्यात भार्गवच्या दुकानात गेले. भार्गवचं घराणं मूळ अमरावतीकडचं. मराठी त्याला सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. बंगलोरची कॉम्प्युटरची नोकरी सोडून त्यानं हे दुकान टाकलं होतं आणि नोकरीत चार वर्षं गप्प बसून काढल्याची भरपाई तो गिऱ्हाइकांकडून वसूल करत होता. दुकानात आधीच विशाल बसला होता. विशाल रेल्वेत क्लार्क, देहानं उदबत्ती, आणि प्रफुल्लचा जिवलग मित्र. म्हणजे त्याच्याकडे आलेली प्रत्येक वस्तू प्रफुल्लच्या जिवाला लागे. सध्या त्याच्या सायकलीत स्प्रिंगचा शॉकर होता. नारिंगी रंगाची जाड स्प्रिंग, रस्त्याच्या त्या टोकावरून दिसे.

"देखो भैया," भार्गवनं सुरुवात केली, "पीछे का शॉक मतलब शादी. एक होता है एअर वाला. अंदर हवा. आप मोटे हुए, पंप मारो. पतले हुए, निकालो. वो आपके हिसाब से ॲडजस्ट होता है. दूसरा कॉइल वाला. उसमें स्प्रिंग. चलता मक्खन है, लंबी उतराई में गरम होके ढीला भी नहीं पड़ता. लेकिन वो ॲडजस्ट नहीं होता. आपका जितना वजन, उसी नंबर का स्प्रिंग लेना पड़ता है."

"आमच्या घरी मग कॉइल कोण?" अपर्णानं विचारलं.

विशाल जोरात हसला. प्रफुल्लनं शोकेसकडे पाहिलं.

"तुम्ही हवेचाच घ्या," अपर्णा म्हणाली. "वजन कमीजास्त झालं तर पंप मारला का झालं."

"वजन कायले कमीजास्त होईन?"

"दिवाळी येऊन राहिली."

एवढं बोलणं झाल्यावर हवेचा शॉकर घेणं प्रफुल्लला शक्यच नव्हतं. शिवाय त्यातली हवा कोणाला दिसणार? स्प्रिंग दिसते. "कॉइल," तो म्हणाला. "पिवळा आहे का?"

भार्गवनं मागणी टिपायला मोबाइल काढला. "वेट बोलो भैया. किट के साथ. हेल्मेट, गार्ड, जूते, पानी की थैली, सब पहनके जितना होता है उतना."

"माझं अडुसष्ट," विशाल म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "किटसकट."

इथं प्रफुल्लच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. तो उरल्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये धरमकाट्याचा इन्चार्ज होता. लोखंड घेऊन येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक त्याच्या खिडकीसमोर उभा राहून वजन देई. वजनाच्या बाबतीत माणूस काय काय करू शकतो, हे प्रफुल्लइतकं कोणाला माहीत नसेल. कोणी टाकीत पाणी भरून आणी, कोणी क्लीनरला टपावर झोपवी, कोणी एक चाक हळूच काट्याच्या फळीबाहेर ठेवी. प्रफुल्ल नुसते ट्रकच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती बसले ते बघून म्हणे, "उस्ताद, चाक अंदर लो." त्याच काट्यावर तो स्वतः एकदा जेवणाच्या सुटीत उभा राहिला होता. काट्यानं शंभर दाखवलं. पण तो काटा दहा-दहा किलोच्या हिशेबानंच बोलतो, बारीकसारीक त्याला कळत नाही, असं ठरवून प्रफुल्लनं तो निकाल मान्य केला नव्हता.

"पंच्याहत्तर," प्रफुल्ल म्हणाला.

दुकानात शांतता पसरली. ही शांतता प्रफुल्लच्या ओळखीची होती. ट्रक काट्यावर चढून पाटे करकरतात, त्यानंतर येते ती.

"किट के साथ?" भार्गवनं विचारलं.

"किटसकट."

अपर्णा भिंतीवर टांगलेल्या एका टायरजवळ गेली आणि त्यावरची अक्षरं वाचू लागली. एक बाजू वाचून झाल्यावर तिनं टायर फिरवून दुसरीही वाचली.

पिवळी स्प्रिंग आली. भार्गवनं शॉकर सायकलीत बसवला आणि दुकानासमोरच्या गल्लीत सॅग मोजायला घेतला. सॅग म्हणजे स्वार नुसता सायकलवर बसला की शॉकर किती दबतो ते. एक तृतीयांशाच्या थोडा आत दबला की समजायचं, माणूस आणि स्प्रिंग एकमेकांसाठीच आहेत. प्रफुल्ल हेल्मेट, गार्ड, पाण्याची थैली अशा संपूर्ण शृंगारात बसला. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्ल्या अरुंद असतात याचा तोटा लोकांना माहीत आहे. फायदा त्या दिवशी प्रफुल्लला कळला. त्याचा डावा खांदा समोरच्या घराच्या भिंतीला लागला, आणि लागल्यावर त्यानं तो तिथंच राहू दिला. उजव्या हाताला विजेचा खांब होता.

अपर्णा शाळेतली स्टीलची पट्टी घेऊन मोजत होती. "खांदा भिंतीले लागून आहे तुमचा."

"बॅलन्ससाठी."

"अन् तो खांब?"

"तोही बॅलन्ससाठीच."

"अरे वाह, तीस परसेंट!" भार्गव टाळी वाजवून म्हणाला. "परफेक्ट! भैया, मैं तो उस दिन सोच रहा था कि..." काय सोच रहा था ते त्यानं सांगितलं नाही. प्रफुल्लनं आजवर चाक बाहेर ठेवणाऱ्या एकाही ट्रकला सोडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याला ड्रायव्हर लोकांच्या अडचणींबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

रविवारी खदानीत भिंत नव्हती.

पहिल्याच उडीला खाली येताना ठण्ण असा आवाज झाला. शॉकर पार तळाला जाऊन आपटला होता. त्या आवाजाची कळ प्रफुल्लच्या मणक्यातून हेल्मेटपर्यंत गेली. पुढच्या दगडावर पुन्हा ठण्ण. चौकीदारानं विडी विझवली आणि प्रथमच उत्सुकतेनं पाहू लागला.

मग जुळवाजुळव सुरू झाली. स्प्रिंगवर एक कडं असतं, ते फिरवलं की स्प्रिंग जरा आवळली जाते. भार्गवनं बजावलं होतं, दोन फेरे, फार तर. प्रफुल्लनं कडं पिळता येईल तितकं पिळलं. सायकल उभी असताना ताठ दिसू लागली आणि उडीला ठण्ण तसंच राहिलं. नंतर तो लाल बटणाकडे वळला. दबलेला शॉकर किती वेगानं परत वर यायचा, ते त्या बटणाच्या क्लिकवर ठरतं. सगळे क्लिक बंद केले, तर शॉकर एकदा खाली गेला की रुसल्यासारखा तिथंच बसून राही. सगळे उघडले, तेव्हा मागचं चाक म्हशीनं लाथ मारावी तसं वर आलं आणि प्रफुल्ल हँडलवरून पुढे जाऊन मुरमात बसला.

आठवडाभर तो भार्गवला फोन करत होता.

"शॉकर खराब आहे."

"क्लिक कितने पे है भैया?"

"सगळ्यावर करून पाहिलं."

"वेट तो वही है ना, जो बोला था?"

"वजन बदलते का रोज रोज?"

"नहीं, दिवाली थी बीच में..."

प्रफुल्लनं फोन ठेवला. इकडे अपर्णा आपल्या जुन्या हवेच्या शॉकरवर दर खेपेला आणखी वरून उतरू लागली होती. तिचा शॉकर लांब उतारावर तापून मऊ पडे. ढिगाऱ्याच्या शेवटी शेवटी तिची सायकल हेलकावे खाई आणि तिला ब्रेक लावावा लागे. तेवढ्या एका ब्रेकवर प्रफुल्लचा संसार टिकून होता. जिच्याकडे चांगला शॉकर नाही ती इतकी जोरात येते, आणि ज्याच्याकडे पिवळी स्प्रिंग आहे तो मुरमात बसतो, हे जगाच्या कोणत्या हिशेबात बसतं? स्पर्धा जवळ आली होती. नाव दोघांचंही दिलेलं होतं. घरातला डाउनहिलवाला कोण, हे चिल्फीच्या डोंगरावर सगळ्यांसमोर ठरणार होतं.

तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. शॉकर अपर्णाच्या सायकलीत लावायचा, तिला खाली पाठवायचं. तिच्याकडूनही ठण्ण वाजलं की शॉकरच खराब हे सिद्ध होईल आणि प्रफुल्ल रामटेके हा इसम वजनासकट निर्दोष सुटेल. त्यासाठी त्यानं साक्षीदार म्हणून भार्गवला आणि विशाललाही खदानीत बोलावलं.

"लाव रे तिच्या सायकलीले," तो उदारपणे म्हणाला. "पाह्यच म्हणा तुमचा माल."

दोन बोल्टचं काम. भार्गवनं कड्याचे जास्तीचे फेरे सोडले. अपर्णा सायकलवर मोकळी बसली, कशालाही न टेकता. विशालनं फक्त हँडल धरलं. भार्गवनं मोजलं, पुन्हा मोजलं. अपर्णानं बसल्या बसल्या दोनदा सायकल दाबून पाहिली आणि म्हणाली, "लाल बटण जरा उघडू का? दोन क्लिक?" मग हेल्मेटची काच खाली ओढून ती वर गेली.

प्रफुल्ल कान देऊन उभा राहिला.

पहिली उडी आली. काही वाजलं नाही. दगडांचा पट्टा आला. मागचं चाक दगडामागून दगड गिळत खाली आलं, जसं एखादं शहाणं माणूस लग्नातली भाषणं गिळतं. मोठी उडी आली. प्रफुल्लनं डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात म्हणाला, वाज. फक्त टायर मुरमाला लागल्याचा मऊ आवाज आला. ढिगाऱ्याचा शेवट आला, जिथं ती नेहमी ब्रेक लावी. तिथं तिनं ब्रेक लावला नाही.

चौकीदार उठून उभा होता. विडी कुठं गेली होती कोण जाणे.

अपर्णा थांबली, हेल्मेट काढलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. असं हसताना प्रफुल्लनं तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते हसू आपल्यामुळे नसून एका शॉकरमुळे आहे हे त्याला खुपलं. मग ती भानावर आली. "छान आहे," ती म्हणाली. "तुमचा आहे पण."

भार्गव शॉकरकडे पाहत होता. मग अपर्णाकडे. मग त्याची नजर सावकाश प्रफुल्लच्या पोटाशी येऊन थांबली. "भैया," तो म्हणाला, "दीदी का, किट के साथ, पचहत्तर के आसपास होगा. तो इसका मतलब..."

ती ओळखीची शांतता पुन्हा येऊ घातली होती. पाटे करकरायला लागले होते.

"मतलब काय मतलब?" प्रफुल्ल ओरडला. "तिच्याचसाठी मागवला होता! सरप्राइज होतं! तुम्ही लोकं थोडा दम नाही धरत!"

मग भार्गवचे डोळे भरून आले. "मतलब भैया, उस दिन आपने दीदी का वेट बोला था? अपना नहीं?"

"मग? माझं काय पंच्याहत्तर आहे का?" हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज गेलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"यार प्रफुल्ल," विशाल पुढे होत म्हणाला, "तू स्वतः आठवडाभर त्याच्यावर आपटून घेतलं?"

"टेस्टिंग," प्रफुल्ल म्हणाला. "तिले लागायले नको म्हणून."

भार्गवनं व्हिडिओ सुरू केला होता.

अपर्णा हे सगळं हेल्मेट काखेत धरून ऐकत होती. "माझं वजन तुम्हाले पाठ होतं? किटसकट?"

"हो."

"मोजलं कधी?"

"नजरेनं. धरमकाट्यावर बसतो मी."

"असं," अपर्णा म्हणाली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. ती बराच वेळ पीत राहिली.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. रायपूरच्या, भिलाईच्या, बिलासपूरच्या अनोळखी बायकांनी आपापल्या नवऱ्यांना तो पाठवला. मिलमध्ये ट्रकवाले काट्यावरून उतरून हात मिळवून जाऊ लागले. प्रफुल्लला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळत होता व्हिडिओतल्या त्या मोठ्या मनाच्या माणसाला. त्या माणसाचाही त्याला आता हेवा वाटू लागला. त्याला काय, शॉकर देऊन मोकळा झाला. चिल्फीला जुन्या शॉकरवर उतरायचं होतं प्रफुल्लला.

"पाऱ्यात म्हणून राहिले, प्रफुल्लसारखा नवरा नाही," कांताबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, कोणता प्रफुल्ल?"

रामटेक्यांच्या घरात पहिल्यांदाच एक वस्तू उलट दिशेनं गेली. अपर्णाचा जुना हवेचा शॉकर प्रफुल्लच्या सायकलीत आला. अंगणात अपर्णा छोटा पंप घेऊन बसली. हवा किती भरायची ते वजनावर ठरतं. ती आता विचारणार म्हणून प्रफुल्लनं एक आकडा तयार ठेवला होता, पूर्ण खरा नाही, पण खऱ्याच्या मोहल्ल्यातला. अपर्णानं विचारलंच नाही. "बसा," ती म्हणाली. तो बसला, तिनं पट्टी लावली. "उतरा." पंप मारला. "बसा." पुन्हा पट्टी. "उतरा." पंप. असं कितीतरी वेळ चाललं. भिंतीपासून लांब, अंगणाच्या बरोबर मध्ये. तिनं आकडा विचारला असता तर भांडता तरी आलं असतं.

चिल्फीला प्रफुल्ल खाली आला, सायकलीसोबतच आला, आणि कुठंही ठण्ण न वाजता आला. मधल्या कुठल्याशा नंबरावर आला. जुना शॉकर त्याला इतका बरोबर बसला होता, की तक्रार करायला जागाच नव्हती. अपर्णा महिलांमध्ये दुसरी आली. तिची वेळ नवऱ्याच्या वेळेपेक्षा कमी होती, हे तिनं कोणाला सांगितलं नाही; लाउडस्पीकरवाल्यानं सांगितलं.

त्यानंच मग ओळखलं. "अरे, ये तो वो वाले पति हैं! वीडियो वाले! भाई साहब, आइए, दो शब्द!"

टाळ्या झाल्या. भार्गवनं मोबाइल काढला. फोटोसाठी कोणीतरी अपर्णाची सायकल पुढे आणली, त्या पिवळ्या स्प्रिंगसकट, आणि प्रफुल्लला त्यावर बसायचा आग्रह झाला. तो बसला. बाजूला गळ्यात पदक घातलेली अपर्णा उभी राहिली. कोणीतरी त्याच्या हातात माइक दिला. समोर इतकी माणसं त्याच्याकडे पाहत होती, आणि त्या घटकेला तरी अपर्णाकडे कोणी पाहत नव्हतं. त्यानं दोन्ही पाय पॅडलवर घेतले आणि विशालच्या खांद्यावर हात टेकला.

"मित्रहो," तो म्हणाला, "संसारात नवऱ्यानं मागे राहायला शिकलं पाहिजे. त्याग म्हणजे काय? त्याग म्हणजे..."

अपर्णा किंचित वाकली. मागच्या चाकाकडे एकदा पाहून ती त्याच्या कानाशी आली.

"अहो, बोला तुम्ही, निवांत बोला," ती हळूच म्हणाली. "फक्त सायकलवरून खाली उतरून बोलता का? स्प्रिंग दबून राहिली."